माहितीपत्रकाचं शेवटचं पान आधी वाचा

दसऱ्याला गाडी घरी आणायची म्हणून शोरूमच्या चकरा सुरू असतील, तर एक विनंती. दिव्यांखाली चकाकणाऱ्या टॉप मॉडेलमध्ये बसण्याआधी माहितीपत्रकाचं शेवटचं पान उघडा. तिथे बारीक अक्षरात एक तक्ता असतो. डावीकडे सोयींची यादी, वर मॉडेलांची नावं, आणि चौकटींत कुठे ठिपका, कुठे आडवी रेघ. ठिपका म्हणजे मिळेल, रेघ म्हणजे नाही. त्या रेघा चुकून पडलेल्या नसतात.

एखाद्या देशासाठी गाडी आखताना कंपनी आधी तिथला कायदा बघते, मग कर, आणि मग गिऱ्हाईक कशासाठी जादा पैसे मोजेल ते. कराचा जोर किती, ते आपल्या रस्त्यांवर दिसतं. 2006 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला करात सवलत आहे. म्हणून 2012 साली स्विफ्ट डिझायरची डिकी आखूड झाली आणि गाडी 3995 मिलिमीटरवर आली. दिसायला बेढब झाली, पण खपली. गिऱ्हाइकाचंही तसंच. थंड देशात सीट गरम करायची सोय लागते, आपल्याकडे सीटमधून गार हवा हवी. आपल्याकडे आई-वडील मागे बसतात, म्हणून एसीची हवा मागेही लागते. यात वावगं काही नाही.

अडचण येते ती जे दिसत नाही आणि कुणी विचारतही नाही अशा वस्तूंची. पुण्याजवळच्या चाकणमध्ये पूर्वी बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोचंच बघा. त्याच पिढीच्या पोलोला युरोपातल्या सुरक्षा चाचणीत 2009 साली पाच तारे मिळाले होते. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले, आणि त्यांत पोलोही होती. तिचा सांगाडा धक्क्यात टिकला होता, पण त्या मॉडेलमध्ये एअरबॅगच नव्हत्या. दोन एअरबॅग घातलेल्या पोलोला चार तारे मिळाले. कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणं मग बंद केलं. म्हणजे घालता येत होत्या. कायदा मागत नव्हता, आणि आपण शोरूममध्ये मायलेज आणि म्युझिक सिस्टिम विचारत होतो.

कायदा आला, पण रमतगमत. ड्रायव्हरपुढची एअरबॅग 2019 मध्ये सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटपुढची सगळ्या गाड्यांत यायला 2021 संपावं लागलं. मधली अडीच वर्षं गाडी चालवणाऱ्याला कायद्याने एअरबॅग होती, शेजारी बसलेल्या बायकोला नव्हती. हे कुणाला फारसं खटकल्याचं मला आठवत नाही. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा 2022 मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी बारगळला. तरीही आज कितीतरी छोट्या गाड्यांत अगदी खालच्या मॉडेलपासून सहा एअरबॅग मिळतात. कारण 2018 च्या अखेरीस टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, कंपनीने ते जाहिरातीत मिरवले, आणि इतरांच्या शोरूममध्ये लोक विचारू लागले, ‘तुमचे किती?’ ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही आहे, मात्र ती कंपन्यांवर सक्तीची नाही.

तेव्हा विचारा. तारे चाचणीतल्या कोणत्या मॉडेलचे, आणि तुम्ही घेताय त्यात तेवढ्याच एअरबॅग आहेत का? ओल्या वळणावर घसरती गाडी सावरणारं ईएससी खालच्या मॉडेलमध्ये आहे का? युरोपात ते 2014 पासून प्रत्येक नव्या गाडीत आहे. मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा? लहान मूल असेल तर त्याची सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या हात घालून चाचपून बघा. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना मागच्या काचेचा वायपर आणि डिफॉगर का लागतो ते सांगायला नको. हे दोन्ही खालच्या मॉडेलमध्ये हमखास कापले जातात.

पैसे कमी पडत असतील तर मोठ्या गाडीचं खालचं मॉडेल घेण्यापेक्षा छोट्या गाडीचं वरचं घ्या. सोसायटीत रुबाब थोडा कमी पडेल. सनरूफ मला स्वतःला आवडत नाही. आपल्या उन्हात ते वर्षातले दहा महिने झाकलेलंच असतं, आणि उरलेले दोन महिने त्यातून पोरं डोकी बाहेर काढून उभी राहतात. ते थांबवाच. आणि गाडी मिळताच सीट कव्हर घालताना दोन गोष्टी बघा: मागच्या पट्ट्यांची बकलं कव्हराखाली दडपली जाऊ नयेत, आणि पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर ती बाजू शिवून बंद होऊ नये.

कोणत्या मॉडेलची किती बुकिंग झाली हा हिशेब कंपनीपर्यंत जातोच, आणि पुढच्या वर्षीचे ठिपके त्यावरून पडतात. सेल्समन म्हणेल, ‘साहेब, ईएससीवालं हवं तर महिनाभर वेटिंग आहे, हे साधं मॉडेल परवा देतो.’ महिनाभर थांबा. दसरा हुकला तर दिवाळीचा पाडवा आहे.