तिकिटावरील दुसरे नाव

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की प्रमुख उमेदवार उपराष्ट्राध्यक्षपदासाठी कोणाला सोबत घेतो, याची जगभर चर्चा होते. २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी जे. डी. व्हान्स यांना निवडले. २०१९ मध्ये कॅथोलिक झालेले व्हान्स हे त्या पदावर पोहोचलेले दुसरे कॅथोलिक होत. पहिले जो बायडेन. ‘आपला माणूस’ एवढ्या उच्चपदी गेला, याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु अशी निवड नेमकी कशासाठी केली जाते, हेही आपण पाहिले पाहिजे.

अमेरिकेच्या राज्यघटनेने उपराष्ट्राध्यक्षाकडे मोजकीच कामे सोपवली आहेत. सिनेटचे अध्यक्षस्थान भूषवणे, समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे आणि राष्ट्राध्यक्षपद रिकामे झाल्यास ते स्वीकारणे. हे शेवटचे काम आजवर नऊ जणांच्या वाट्याला आले आहे. हॅरी ट्रूमन उपराष्ट्राध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट निधन पावले. अणुबाँबच्या प्रकल्पाची संपूर्ण माहिती ट्रूमन यांना त्यानंतर मिळाली आणि चारच महिन्यांत हिरोशिमावर बाँब पडला. दुसऱ्या नावाची निवड किती गंभीर असते, हे यावरून कळावे.

प्रत्यक्षात मात्र निवड करताना मतांचे गणितच अधिक मांडले जाते. १९२८ मध्ये अल स्मिथ हे मोठ्या पक्षाचे पहिले कॅथोलिक उमेदवार ठरले, तेव्हा समतोलासाठी दक्षिणेकडील प्रॉटेस्टंट सिनेटर जोसेफ रॉबिन्सन यांना सोबत घेण्यात आले. १९६० मध्ये केनेडी यांनी टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांना घेतले. पुढे पारडे फिरले व कॅथोलिक व्यक्तीच समतोलाचे वजन बनली. १९६४ मध्ये विल्यम मिलर, १९६८ मध्ये एडमंड मस्की, १९७२ मध्ये सार्जंट श्रायव्हर, १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो हे सारे कॅथोलिक होते आणि सारे पराभूत झाले. अखेर २००८ मध्ये बायडेन विजयी झाले.

२०१२ साली तर बायडेन आणि पॉल रायन असे दोन्ही पक्षांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार कॅथोलिक होते. बायडेन गर्भपाताच्या कायदेशीर हक्काचे समर्थन करीत होते, तर रायन यांच्या अर्थसंकल्पातील गरिबांच्या अन्नसाहाय्याच्या कपातीवर अमेरिकेतील बिशपांनी टीका केली होती. श्रद्धा एकच, परंतु ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा एकेक भाग प्रत्येकाने बाजूला ठेवलेला! गर्भातील बालक आणि दारातील उपाशी माणूस या दोघांचीही प्रतिष्ठा एकाच निर्मात्याने दिलेली आहे. मग मतदाराने त्यांपैकी एकाला का विसरावे?

असाच प्रसंग २०२५ च्या आरंभी पुन्हा आला. प्रथम कुटुंब, मग शेजारी, मग देशबांधव आणि त्यानंतर इतर, असा प्रेमाचा क्रम व्हान्स यांनी स्थलांतरितांसंबंधीच्या धोरणाच्या समर्थनार्थ मांडला. १० फेब्रुवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतील बिशपांना पत्र लिहिले. कोणाचेही नाव न घेता त्यांनी दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्याचे स्मरण करून दिले व प्रेमाचा खरा क्रम त्यावर मनन केल्याने उमगतो, असे सांगितले. तिकिटावरील कॅथोलिक नाव शिकवणुकीची हमी देत नाही, हेच यातून पुन्हा दिसले.

आपल्याकडेही निवडणुका आल्या की समाज पाहून उमेदवारी दिली जाते आणि आपली मते एकगठ्ठा धरली जातात. समाजाला प्रतिनिधित्व मिळणे न्याय्यच आहे. परंतु नाव आपले आहे एवढ्यावर मत देणारा समाज स्वतःहून तराजूतले वजन होतो. अमुक व्यक्तीला मत द्या, असे आम्ही सांगणार नाही. ते धर्मगुरूचे काम नव्हे. उमेदवार कोणत्या चर्चमध्ये जातो हे जरूर पाहावे. मात्र गर्भातील जीव, गरीब, परका आणि दुबळा यांच्या बाजूने तो कधी उभा राहिला, हे त्याला अवश्य विचारावे. हा प्रश्न विचारणाऱ्या मतदाराला कोणत्याही पक्षाला गृहीत धरता येत नाही.