हुशार पोराचा हरवलेला आवाज

वाचकहो, घरातले एखादे पोर नकला करते, गाते, नाचते. पाहुणे आले की आपण त्याला पुढे करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. अशाच टाळ्यांत वाढलेल्या इंग्लंडच्या एका मुलाची गोष्ट आज सांगायची आहे.

त्याचे नाव जॅक वाइल्ड. त्याचा जन्म १९५२ साली लँकेशायरमधील रॉयटन या गावी झाला. आई-वडील कापडगिरणीत राबणारे. पुढे हे कुटुंब लंडनजवळच्या हाउन्स्लो भागात राहायला आले. तिथल्या एका बागेत जॅक आपल्या भावासोबत फुटबॉल खेळत असताना जून कॉलिन्स या बाईंची नजर त्याच्यावर पडली. नाटकांसाठी मुले निवडून देणे हेच त्यांचे काम होते. गिरणी कामगाराचा मुलगा रंगभूमीवर गेला तो असा.

चार्ल्स डिकन्सच्या अनाथ ऑलिव्हरच्या कथेवर १९६८ साली 'ऑलिव्हर!' हा चित्रपट आला. त्यात जॅकने डॉजर या खिसेकापू पोराचे काम केले. अंगात ढगळ कोट, डोक्यावर उंच टोपी आणि चेहऱ्यावर मिश्कील हसू. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर 'ऑलिव्हर!'ला मिळाले. सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी जॅकलाही नामांकन मिळाले. तेव्हा तो अवघा १६ वर्षांचा होता. १९६९ साली अमेरिकेच्या दूरदर्शनवर 'एच. आर. पफनस्टफ' ही त्याची मालिका सुरू झाली. त्याच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या.

पण बालकलाकाराचे वय वाढते आणि लोकांना मात्र तोच लहानगा हवा असतो. जॅक चणीने लहान होता, त्यामुळे मोठेपणीही त्याच्याकडे पोरसवदा भूमिकाच येत. पुढे त्याही कमी झाल्या. सिगारेट होतीच, त्यात दारूची भर पडली. विशी उलटते न उलटते तोच तो दारूच्या पुरता आहारी गेला. पैसा गेला, पहिला संसार मोडला, प्रकृती ढासळली.

तरीही हा माणूस उठला. १९८९ साली त्याने दारू सोडली आणि पुन्हा तिला शिवला नाही. १९९१ च्या 'रॉबिन हूड' चित्रपटात त्याला लहानसे काम मिळाले, नाटकेही मिळू लागली. पण शरीराने जुना हिशेब ठेवला होता. २००० साली तोंडाचा कर्करोग निघाला. २००४ च्या शस्त्रक्रियेत जिभेचा काही भाग आणि स्वरतंतू काढावे लागले. ज्या आवाजावर जग भाळले तो कायमचा गेला. त्याच्या मनातले लोकांना सांगण्याचे काम पत्नी क्लेअर करू लागली. दारू आणि तंबाखू यांनीच हे दुखणे आणले, हे त्याने लपवले नाही. १ मार्च २००६ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो गेला.

माता-पित्यांनो, मुलाच्या गुणाचे कौतुक जरूर करा. पण टाळ्या थांबतील त्या दिवशीही ते आपल्याला तितकेच प्रिय आहे, हे त्याला घरातच कळू द्या. आणि तोंडात लहानशी जखम बरी होत नसेल तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तंबाखूची पुडी आणि बाटली ज्या घरात आहे, त्या घराने जॅकची गोष्ट एकदा मोठ्याने वाचावी. सोडायला उशीर झाला तरी सोडता येते, हे त्याने दाखवले. लवकर सोडले तर आवाजही वाचतो.