फुकट मिळतं ते विकत कोण घेणार? घेतात हो!



गेल्या बॅचमधल्या एका दादांनी वर्गात आपली आयडिया सांगितली. कादंबऱ्यांवरच्या जुन्या मराठी मालिका पेन ड्राइव्हमध्ये भरून विकायच्या. २०० पेन ड्राइव्ह, एकाला २०० रुपये, म्हणजे ४० हजार. भिशी लागली होती, पैसे हातात होते. सोमवारी ऑर्डर द्यायची होती.

मागून कोणीतरी म्हणालं, "दादा, यूट्यूबवर फुकट आहे. कोण घेणार?" सगळे हसले.

माझं मत वेगळं आहे. दादांचं गिऱ्हाईक खरं होतं. चूक दुसरीकडेच होती.

आधी गिऱ्हाईक बघू. १९९५ मध्ये बीबीसीने जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीवर सहा भागांची मालिका केली. शेवटचा भाग दाखवायच्या आधीच तिच्या व्हिडिओ कॅसेट बाजारात आणल्या. घरोघरी व्हीसीआर होते, लोक टीव्हीवरून फुकट रेकॉर्ड करू शकत होते. तरी पहिले १२ हजार संच दोन तासांत संपले. पहिल्या आठवड्यात ७० हजार आणि वर्षभरात २ लाख संच विकले गेले.

का? कारण लोक फक्त चित्र विकत घेत नव्हते. सगळे भाग क्रमाने, स्वच्छ, एका डब्यात, कपाटात ठेवता येतील असे आणि कोणाला भेट देता येतील असे मिळत होते. फुकटात हे मिळत नाही. फुकटात तिसरा भाग गायब असतो आणि पाचव्याचा आवाज फाटलेला असतो.

आणि हे फक्त गाजलेल्या मालिकांचंच नाही. इंग्लंडमध्ये १९९७ साली टिम बेडोज यांनी 'नेटवर्क' नावाची कंपनी काढली. धंदा काय, तर आयटीव्हीसारख्या वाहिन्यांच्या कपाटात पडलेल्या जुन्या मालिका रीतसर हक्क घेऊन डिस्कवर आणायच्या. ॲलन गार्नर यांच्या कादंबरीवरची 'द आउल सर्व्हिस' ही १९६९ची आठ भागांची मुलांची मालिका त्यांनी २००८ मध्ये डीव्हीडीवर आणली. असल्या मालिकेला लाखो गिऱ्हाइकं नसतात. पण जी असतात ती वर्षानुवर्षं वाट बघत असतात. छोट्या धंद्याला असंच गिऱ्हाईक हवं: थोडं, पण पक्कं.

आता दादांची चूक. माल त्यांचा नव्हता!

नीट समजून घ्या. जेन ऑस्टेन १८१७ मध्ये वारली. तिची कादंबरी आज कोणीही छापू शकतो. पण बीबीसीची मालिका कोणीही विकू शकत नाही. कथा वेगळी, मालिका वेगळी. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. चित्रित कलाकृतीचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे ऐंशीच्या दशकातली मालिका अजून कोणाच्या तरी मालकीची आहे. आणि एका मालिकेत हक्कदार किती? मूळ लेखक किंवा त्यांचे वारस, निर्माता, वाहिनी, शीर्षकगीताचे मालक. यूट्यूबवर दिसतं म्हणजे विकायला मोकळं आहे, असं होत नाही. धंद्यासाठी केलेल्या अशा नकलेला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. ४० हजारांच्या भांडवलावर हा धोका कोण घेईल?

मग करायचं काय? आधी हक्कदार शोधा. पत्र लिहा. परवानगी मिळाली तर कागदावर चार गोष्टी घ्या: किती प्रती, किती वर्षं, कुठल्या भागात विक्री, कुठल्या माध्यमात. मुदत संपल्यावर उरलेल्या मालाचं काय, हेही लिहून घ्या. मग आगाऊ नोंदणी करा. ५० लोकांनी पैसे भरले, तर ५०च प्रती काढा.

एक कडू गोष्टही सांगते. टिम बेडोज २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये 'नेटवर्क' बंद झाली. डिस्कचा बाजार आधीच आटत चालला होता. म्हणून मी तुम्हाला "उद्या डीव्हीडी काढा" असं अजिबात सांगणार नाही. माध्यम बदलतं. डीव्हीडी जाईल, पेन ड्राइव्हही जाईल. पण विखुरलेली गोष्ट नीट लावून, खात्रीने, मालकाला त्याचा वाटा देऊन विकणं, हा धंदा राहतो. जुन्या पाककृती असोत, जुन्या साड्यांचे नमुने असोत की जुन्या मालिका.

दादांनी सोमवारची ऑर्डर थांबवली. भिशीचे पैसे बँकेत आहेत. एका लेखकाच्या मुलीचा पत्ता त्यांनी मिळवलाय आणि पत्राचा मसुदा मला दाखवायला आणलाय. नकार आला, तर खर्च एका पाकिटाचा. होकार आला, तर धंदा उघडपणे, पाटी लावून करता येईल.

तुमच्या डोक्यातल्या आयडियाचा मालक कोण आहे? ऑर्डर द्यायच्या आधी तेवढं एक विचारा.