खाते कशाचे, आणि कोणाचे?





आपण जातीवर बोलतो, अंधश्रद्धेवर बोलतो, स्त्रीपुरुष समतेवर तर तावातावाने बोलतो. घरातल्या पैशांवर मात्र बोलत नाही. आखातात पगार किती हे कुणी कुणाला विचारत नाही, आणि विचारलेच तर खरे उत्तर मिळत नाही! म्हणून या वेळी मुद्दाम घरगुती विषय घेतला आहे: घरची बँकखाती. विषय किरकोळ वाटला तरी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

माझे वडील शिक्षक होते. पहिल्या तारखेला पगार आला की आई त्याची पाकिटे करायची. एक वाण्याचे, एक दुधाचे, एक घरभाड्याचे, एक पोस्टातल्या रिकरिंगचे. वाण्याचे पाकीट संपले तर दुधाच्या पाकिटाला हात लागत नसे. अर्थशास्त्राचे २०१७ सालचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी यावरच बरेच काम केले आहे. शंभराची एक नोट दुसरीसारखीच, त्यामुळे तर्काने पाहिले तर असे कप्पे निरर्थक आहेत. पण माणूस मनात कप्पे करतोच, आणि ते नीट केले तर हात आवरतो. आईने थेलर वाचला नव्हता. तिला महिनाअखेर माहीत होती.

सौदीत या पाकिटांची गरज जास्तच आहे. पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे हातात पूर्ण रक्कम येते आणि आपण श्रीमंत झालो असे वाटते. पण पगार दरमहा येतो आणि मोठे खर्च गठ्ठ्याने येतात. घरभाडे बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचे आगाऊ. शाळेची फी सत्रागणिक. उन्हाळ्याच्या सुट्टीतली भारताची तिकिटे. शिवाय कुटुंबीयांवरचे शुल्क. जुलै २०१७ मध्ये ते दरडोई दरमहा १०० रियालने सुरू झाले आणि दर वर्षी शंभराने वाढत जुलै २०२० मध्ये ४०० वर गेले. पत्नी आणि दोन मुले असतील तर या दराने वर्षाला १४,४०० रियाल, तेही इकामा नूतनीकरणाबरोबर आगाऊ. व्हॅट १ जानेवारी २०१८ ला ५ टक्के होता, १ जुलै २०२० ला १५ टक्के झाला. ज्याने हे सगळे बाराने भागून दरमहा बाजूला ठेवले नाही, तो ऐन वेळी क्रेडिट कार्डाकडे वळतो.

म्हणून आमच्या घरी मी पाच खाती केली. पहिले पगाराचे, त्यातून महिन्याचा घरखर्च. दुसरे इथलेच, गठ्ठ्याने येणाऱ्या खर्चांचे. वर्षाचा एकूण आकडा भागिले बारा, पगाराच्या दिवशीच तिकडे. तिसरे भारतातले एनआरई, दीर्घ बचतीचे. यातला पैसा केव्हाही परदेशी परत नेता येतो आणि आपण अनिवासी असेपर्यंत व्याजावर भारतात कर नाही. चौथे एनआरओ. गावाकडच्या फ्लॅटचे भाडे त्यात जमा होते आणि आईवडिलांचा औषधपाण्याचा खर्च त्यातून जातो. याच्या व्याजावर कर कापला जातो, आणि परदेशी नेण्यावर वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे (ती ओलांडण्याची चिंता आपल्यापैकी फार थोड्यांना असावी!). देश सोडण्यापूर्वीचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, त्याचे एनआरओ करून घ्यावे लागते. हे न केलेले निदान चार पीएच.डी. माझ्या ओळखीत आहेत.

पाचवे एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली एक ते पाच वर्षांची मुदत ठेव. ही मुलांच्या शिक्षणासाठी. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे आपण एका अर्थी डॉलरमध्येच कमावतो. मुलीची फी पुढे डॉलरमध्ये भरायची असेल तर मधल्या काळात रुपयात शिरून पुन्हा बाहेर पडण्यात काय अर्थ?

एक धोक्याची सूचना. भारतात ठेवींचा विमा दर बँकेत दर ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत आहे, तोही ४ फेब्रुवारी २०२० पासून. आधी एकच लाख होता. एका बँकेत एकाच नावाने पाच खाती काढली तरी विम्याच्या लेखी ती एकच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. त्या रांगांत आपलीच माणसे उभी होती.

ही सगळी रचना मी एका एक्सेल शीटमध्ये मांडली, रंगही दिले आणि मोठ्या अभिमानाने बायकोला दाखवली. तिने ती शांतपणे पाहिली आणि म्हणाली, "अरे, सगळं छान आहे. पण यातल्या एकाही खात्यावर माझी सही चालत नाही."

मला उत्तर सुचले नाही. प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना रोज सांगतो, की बाटलीवर लेबल लावताना आत काय आहे एवढेच लिहून भागत नाही, ती कोणाची आहे हेही लिहायचे. घरच्या पाच बाटल्यांवर मी 'काय' लिहिले होते. 'कोणाची' हे लिहायची गरजच मला वाटली नव्हती, कारण सगळ्या माझ्याच होत्या.

तिला हे सुचले त्यामागे कारण होते. काही वर्षांपूर्वी खोबरमध्ये आमच्याच इमारतीतले एक इंजिनियर हृदयविकाराने अचानक गेले. वय पंचेचाळीसच्या आत. पत्नी एम.फार्म., इथे आल्यावर नोकरी सुटलेली. मुले चौथीत आणि सातवीत. इकामा नवऱ्याच्या इकाम्यावर अवलंबून, बँकेचे खाते त्याच्या नावाचे. मृत्यूची नोंद झाली आणि नियमाप्रमाणे खाते गोठले. एटीएमचा पिन तिला माहीत होता. खबर बँकेत पोचण्याआधी पैसे काढून घ्या, असे दोघातिघांनी सुचवलेही. पण ते बेकायदा, ती तयार झाली नाही. त्या दिवशी तिच्या पर्समध्ये ६४० रियाल होते. पुढचे दोन महिने इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून पाहिले, त्यात तिची फार घुसमट झाली. कंपनीकडची देणी वकिलातीमार्फत यथावकाश मिळाली.

भारतातल्या खात्याची गोष्ट आणखी वेगळी. ते लग्नाआधी उघडलेले, नामनिर्देशन थोरल्या भावाच्या नावाने. लग्नानंतर चौदा वर्षांत तो कागद बदलायचे कुणालाही आठवले नाही. दीर काही खलनायक नव्हते. त्यांनी पैसे दिले. पण सात महिन्यांनी, दोन घरगुती बैठकांनंतर, आणि 'एवढ्या पैशांचं तुम्ही काय करणार' या प्रश्नाला तिने उत्तर दिल्यानंतर! हक्काचा पैसा तिला विनंती करून मिळवावा लागला.

कायदा तिच्या बाजूने होता. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसते, वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारी विश्वस्त असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बँकखात्यांबाबत स्पष्ट केले आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे (तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे) मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. ही मंडळी असताना भावाला काही नाही. विधवेचा आणि मुलीचा हा वाटा सहज आलेला नाही. हिंदू कोड बिल अडवले गेले, आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले त्यामागे तेही एक मोठे कारण होते. पण कायदा हातात असला तरी बँकेच्या खिडकीपाशी आधी कागदावरचे नाव पाहतात. त्या कागदावर भावाचे नाव होते.

आपण म्हणतो, आमच्यात माझे तुझे काही नाही. वाक्य गोड आहे. पण भारतात बहुतेक ठिकाणी लग्नाने नवराबायकोची मिळकत आपोआप सामाईक होत नाही. ज्याच्या नावावर, त्याची. आणि ज्या समाजाला आपण गप्पांत सहज मागासलेला म्हणतो, त्याच्या शरियतप्रमाणे पत्नीची मिळकत तिचीच असते आणि घरखर्चाची जबाबदारी नवऱ्याची. स्त्रियांवरची इथली अनेक बंधने मला मान्य नाहीत, पण या एका बाबतीत आपल्या घरांनी मान खाली घालावी अशी स्थिती आहे.

स्वतःच्या नावाचे खाते म्हणजे काय, हे आपल्याकडे शिकलेल्या पुरुषांपेक्षा माणदेशातल्या बायकांना अधिक कळले. एका लोहारकाम करणाऱ्या बाईला झोपडीवर घालायच्या ताडपत्रीसाठी पैसे साठवायचे होते. रक्कम फार लहान म्हणून बँका खाते उघडेनात. कशाचे खाते ते ठरलेले, कोणाचे तेही ठरलेले, फक्त बँक नव्हती. चेतना सिन्हा आणि म्हसवडच्या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. अर्ज करणाऱ्या बऱ्याच जणी अंगठा उठवणाऱ्या म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, की रक्कम सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आणि आमच्या इमारतीतल्या एम.फार्म. झालेल्या बाईच्या नावाने एकही खाते नव्हते!

आता कामाचे. आम्ही घरी जे केले ते सांगतो, पटले तर घ्या.

पहिले, बायकोच्या एकटीच्या नावाने एनआरई खाते उघडले. तीही अनिवासीच आहे, त्यामुळे अडचण आली नाही. माझ्या एनआरईतून तिच्या एनआरईत दरमहा ठरलेली रक्कम जाते. तिचा मोबाईल, तिचा ओटीपी. तिने त्याचे काय केले हे मी विचारत नाही, आणि हा भाग मला सर्वांत अवघड गेला, हे कबूल करतो.

दुसरे, माझे एनआरई खाते दोघांचे केले, दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो चालवू शकेल अशा पद्धतीचे. भारतात राहणाऱ्या वडिलांना किंवा भावाला एनआरईवर घेतले तर ते 'पहिला, नंतर हयात' असेच घेता येते. म्हणजे आपल्यानंतर बँक पैसे त्यांच्या हाती देईल. हे ठरवून केलेले असावे, सवयीने नव्हे.

तिसरे, सगळी नामनिर्देशने काढून तपासली. तीन ठिकाणी माझ्या वडिलांचे नाव होते, त्यांतले एक १९९९ सालचे! १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चारपर्यंत व्यक्ती नेमता येतात. आईवडील की बायको, असा पेचही आता उरलेला नाही.

चौथे, इथे तिच्या इकाम्यावर खाते मिळते का ते विचारले. बँकेगणिक उत्तर वेगळे आहे, दोनतीन ठिकाणी विचारा. मिळेपर्यंत घरात तीन महिन्यांच्या खर्चाची रोकड ठेवली आहे, आणि ती कुठे आहे हे तिला माहीत आहे.

यावर हमखास एक प्रश्न येतो, 'तुमचा एकमेकांवर विश्वास नाही का?' आहे. पण आपण या देशात नोकरीच्या आधाराने राहतो. नोकरी, इकामा, प्रकृती, यांतले काहीही एका सकाळी संपू शकते. त्या दिवशी बँकेच्या खिडकीपाशी विश्वास दाखवून पैसे मिळत नाहीत, सही दाखवावी लागते.

या शुक्रवारी जेवण झाल्यावर दोघे मिळून एक कागद घ्या. डावीकडे खाते कशाचे ते लिहा, उजवीकडे कोणाच्या नावाचे, सही कोणाची, नामनिर्देशन कोणाचे. उजवीकडे सगळीकडे एकच नाव आले तर समतेवरचे आपले पुढचे भाषण थोडे पुढे ढकला आणि आधी बँकेचे फॉर्म भरा.