जिला काहीही होणार नाही ती मुलगी

मुलीला काही होऊ नये म्हणून तिला घराबाहेर पाठवू नये, हा विचार बहुतेक समाजांतील आईबापांच्या हाडीमासी खिळलेला आहे. १९६५ साली मॉस्कोतील एका लेखकाने तो मुळापासून उलटा केला. मुलीला काहीही होणार नाही, तेव्हा तिला हवे तेथे जाऊ द्यावे, असे गृहीत धरून त्याने एक कथामाला लिहिली आणि तिला नावही तेच दिले : ‘जिला काहीही होणार नाही ती मुलगी’.

या मुलीचे नाव अलीसा सेलेझ्न्योवा. ती एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मॉस्कोत राहते. तिचे वडील अंतराळातील प्राण्यांचे अभ्यासक व प्राणिसंग्रहालयाचे संचालक. संग्रहालयातील ब्रॉन्टोसॉरस अन्न सोडून बसतो, पंडितांची मती कुंठित होते, आणि शाळेतही न जाणारी अलीसा त्या धुडापुढे निर्धास्त उभी राहून त्याला पाव भरविते. १९७४ च्या ‘अलीसाचा प्रवास’ या कादंबरीच्या आरंभी ती शाळेच्या संग्रहालयातील सोन्याचा गोळा उचलून नेते. कशासाठी? मासेमारीच्या गळाला लावायचे चकाकते आमिष बनविण्यासाठी! चूक झाली हे तिला कळते. पण सोन्याची किंमत किती, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येत नाही. समाजवादाच्या विजयानंतर सोन्याचा उपयोग शहरांतील सार्वजनिक शौचालये बांधण्यासाठी करू, असे लेनिनने १९२१ साली लिहिले होते. त्या भाष्यापेक्षा आम्हांस हा मासेमारीचा गळ अधिक पटतो.

सोव्हिएत बालवाङ्मयात शूर मुलांचा तुटवडा कधीच नव्हता. अर्कादी गैदारचा १९४० मधील तिमूर सैनिकांच्या कुटुंबांना गुपचूप मदत करणारी मुलांची तुकडी चालवी. त्याआधी पावलिक मोरोझोव्ह या मुलाला, बापाविरुद्ध तक्रार केल्याबद्दल, आदर्श बालक म्हणून देव्हाऱ्यात बसविण्यात आले होते. अलीसा कोणाची चुगली करीत नाही आणि कोणाच्या आज्ञेने रांगेत उभी राहत नाही. तिच्या जगात पुढाऱ्यांच्या तसबिरी नाहीत, सभा नाहीत, ठराव नाहीत. आमच्यासारख्यांना हे जरा झोंबते. पण झोंबू द्यावे.

हे जग निर्माण करणारा किर बुलिचोव हा वस्तुतः इगोर मोझेइको (१९३४–२००३) नावाचा इतिहाससंशोधक. मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेत तो ब्रह्मदेशाच्या इतिहासाचा अभ्यास करी. पत्नीचे नाव किरा आणि आईचे माहेरचे आडनाव, यांतून त्याने टोपणनाव घडविले. परग्रहांच्या गोष्टी लिहिणाऱ्या संशोधकाला संस्थेत कोण गंभीरपणे घेणार? १९८२ साली चित्रपटलेखनाबद्दल राज्य पारितोषिक मिळाले, तेव्हा हे गुपित फुटले.

त्याचा एक हिशेब मात्र आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या १९६१ च्या कार्यक्रमाने हयात पिढीच साम्यवादात जगेल, १९८० पर्यंत त्याचा पाया घातला जाईल, असे वचन दिले होते. ते वर्ष जवळ येऊ लागले तसा त्या वचनाचा उच्चारही मंदावला. १९७८ साली बुलिचोवने अलीसाची जी कादंबरी प्रसिद्ध केली, तिचे नाव ‘शंभर वर्षे पुढे’! पक्षाने वीस वर्षांत देऊ केलेले जग मुलांच्या लेखकाने एक शतक पुढे ढकलले, आणि त्या जगाची ओढ मात्र पक्षापेक्षा त्यानेच अधिक लावली. पोलादाचे आकडे छापणाऱ्या पत्रिका आम्हीही पुष्कळ वाटल्या. त्या जगात बारा वर्षांच्या मुलीचा दिवस कसा जाईल, हे त्यांपैकी कोणत्या पत्रिकेत होते?

अलीसाच्या जगात उणिवा आहेत. ती प्राध्यापकाची मुलगी. झाडलोट यंत्रमानव करतात, म्हणून श्रमाची वाटणी कशी झाली हा प्रश्न लेखकाला टाळता आला. आजच्या जगातून तेथवर जाणारी वाटही तो दाखवीत नाही.

याच कादंबरीवर पावेल आर्सेनोव्ह यांनी ‘भविष्यातील पाहुणी’ ही पाच भागांची मालिका केली. मार्च १९८५ मध्ये, गोर्बाचेव्ह सरचिटणीस झाले त्याच महिन्यात, ती दूरचित्रवाणीवर आली. नाताल्या गुसेवा या शाळकरी मुलीने अलीसा साकारली. येव्गेनी क्रिलातोव्ह यांनी संगीत दिलेले तिचे गीत घराघरांत पोचले. त्याच्या सुरात आनंदापेक्षा याचनाच अधिक आहे. शेवटच्या प्रसंगी, आपल्या काळात परतण्यापूर्वी, अलीसा सहावीच्या वर्गमित्रांना तुम्ही मोठेपणी कोण होणार ते सांगते. ती मुले विशीच्या उंबरठ्यावर आली तेव्हा, डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ विसर्जित झाला. जानेवारी १९९२ मध्ये किमती मोकळ्या सोडल्या गेल्या आणि आईबापांची पुंजी वितळून गेली.

२०२४ साली रशियात त्याच कादंबरीच्या नावाचा नवा, मोठ्या खर्चाचा चित्रपट आला. त्या वेळी युक्रेनवरील आक्रमणाला दोन वर्षे उलटून गेली होती, आणि पूर्वी ती मालिका एकाच पडद्यावर पाहिलेल्या मुलांची मुले परस्परांवर तोफा डागीत होती.