आधी झरोका, मग गिझर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात नवं घर बांधणारा माणूस महिनोन्‌महिने खल करतो तो स्लॅबच्या सळईवर, दिवाणखान्याच्या टाईल्सवर आणि सिमेंटच्या ब्रँडवर. सिमेंट तर इथलं घरचंच. गडचांदूर, आवारपूर, उप्परवाहीचे कारखाने शेजारच्याच पट्ट्यात. आंघोळीचं पाणी कशावर तापवायचं, हा विषय मात्र वास्तुपूजन उरकून पहिली थंडी पडल्यावर निघतो. तोवर बाथरूमच्या भिंतींना वरपर्यंत टाईल्स लागलेल्या असतात, पाईप भिंतीत गाडले गेलेले असतात आणि झरोक्याच्या जागी काच कायमची बसलेली असते. मग दुकानात सवलतीत असेल तो गिझर आणायचा आणि खिळा ठोकता येईल तिथे टांगायचा.

तो गिझर गॅसचा असेल, तर हा उलटा क्रम जिवावर बेतू शकतो.

गॅस की वीज, हा वाद लोक पैशांवरून घालतात. तेव्हा आधी पैशांचाच हिशेब मांडू. थंडीत नळाचं पाणी २० अंशांचं धरलं आणि अंगावर घ्यायला ४२ अंश पुरे मानले, तर २० लिटरच्या बादलीला ४४० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या भाषेत ती अर्धा युनिट. गॅसच्या भाषेत, गिझरमध्ये वाया जाणारी उष्णता धरूनही, सुमारे ५० ग्रॅम. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या म्हणजे महिन्याला ६० युनिट किंवा सहा किलो गॅस. १४.२ किलोचं सिलिंडर नुसत्या आंघोळीला ७० दिवस चालेल. विजेचं गणित थोडं फसवं आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांनंतर दर जवळपास दुप्पट होतो आणि गिझरचे ६० युनिट नेमके त्या वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. म्हणून गॅस थोडा स्वस्त पडतो.

पण थोडाच, आणि तोही चार महिने. मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारं पाणी हात पोळतं. तेव्हा गिझर नको, गार पाण्याची बादली हवी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच इथला गरम पाण्याचा खरा हंगाम. त्यात गॅस आणि विजेतला फरक महिन्याला काही शे रुपयांचा. घराचा निर्णय एवढ्यावर सोडू नये.

निर्णय ठरवायचा तो हवेवर. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गिझर तासाला किलोभर गॅस जाळतो आणि एक किलो गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आता चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं नेहमीचं बाथरूम घ्या. त्यात मावते साडेपाच घनमीटर हवा. थंडी आत येऊ नये म्हणून काच लावली, दाराला आतून कडी घातली आणि एकामागून एक दोघांनी सावकाश आंघोळ केली, तर अर्ध्या तासात खोलीभर हवेइतकी हवा बर्नरच्याच वाट्याला जाते. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं. डोकं जड होतं, गरगरतं, आणि कडी काढायला हात उचलेपर्यंत शुद्ध गेलेली असते.

मार्च २०२३ मध्ये होळी खेळून घाटकोपरच्या एका फ्लॅटमध्ये रंग धुवायला गेलेलं जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हा संशय गॅस गिझरवरच आला होता. इथल्या कोळशाच्या पट्ट्याला हा वायू नवा नाही. सास्ती, धोपटाळा, बल्लारपूरच्या वस्त्यांत थंडीच्या रात्री शेगडी खोलीत घेऊन झोपू नये, हे जुनी माणसं बजावत आली आहेत. शेगडीच्या जागी चकचकीत पांढरा डबा आला म्हणून ज्वलनाचा नियम बदलत नाही.

ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी कुटुंबांच्या घरी अनेकदा स्वयंपाकघरातल्या कपाटात गॅसचा बॉयलर असतो. तो घरही उबदार ठेवतो आणि नळालाही गरम पाणी पुरवतो. तिथे तो वर्षभर चालतो, त्यामुळे कोणता बॉयलर घ्यावा, यावर खूप विचार होतो. पण निवडीवर कायद्याचं कुंपण आहे. १९९८ च्या नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं तर ते बंदिस्त प्रकारचंच हवं. हवा बाहेरून घेणारं आणि धूर बाहेरच सोडणारं. बसवणारा माणूस ‘गॅस सेफ’ या यादीत नोंदलेला असावा लागतो. आपल्याकडे घरगुती गॅस गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. पण ते डब्यापुरतं. डबा कुठे टांगायचा, हे दुकानातून आलेला मुलगा ठरवतो आणि तो विचारतो एवढंच : “खिळा कुठं ठोकू?”

या प्रश्नाचं उत्तर घरमालकाकडे आधीच तयार हवं : बाहेर. गॅस गिझर न्हाणीच्या भिंतीपलीकडे, मोरीवर किंवा मागच्या ओट्यावर, छपराखाली. आत यायचा तो फक्त गरम पाण्याचा पाईप. सिलिंडरही तिथेच, उभं. कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की जमिनीलगत साचतो. टाईल्स लागण्याआधी ठरवलं तर हे काम एका पाईपचं आहे. नंतर ठरवलं तर भिंत फोडावी लागते, आणि ती फोडायला कोणी तयार होत नाही.

अशी बाहेरची जागाच नसेल, तर गॅसचा नाद सोडून विजेची टाकी घ्यावी. तिथेही दुकानदार २५ लिटरची गळ्यात मारतो. बादलीने आंघोळ करणाऱ्या घराला १५ लिटर पुरते. ६० अंशांवर तापलेल्या १५ लिटरला विसण घातलं की २७ लिटर कोमट पाणी होतं आणि दोन किलोवॅटचा हीटर ते वीस-पंचवीस मिनिटांत तापवतो. मोठी टाकी न वापरलेलं पाणीही दिवसभर गरम ठेवत बसते; स्टार लेबल पाहायचं ते यासाठी, कारण साठवणुकीत किती उष्णता वाया जाते यावरच ते तारे मिळतात.

टाकीचा मोठा शत्रू मात्र पाणी. ज्या चुनखडीवर इथले सिमेंट कारखाने उभे राहिले, तीच चुनखडी बोअरच्या पाण्यात उतरते. तापलं की तिचा पांढरा थर कॉइलवर चढतो, वीज जास्त जाते आणि एक दिवस कॉइल जळते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. ती दर दोन-एक वर्षांनी तपासायची असते, हे विकताना कोणी सांगत नाही.

सौर बंबाला इथलं ऊन पुरेपूर आहे, पण कोळसा आणि सिमेंटची धूळ नळ्यांवर बसते आणि उन्हाळ्यात उकळतं पाणी नकोसं होतं. केंद्राचं त्यावरचं अनुदानही २०१४ मध्ये थांबलं. आता छतावर जागा आणि हाती पैसा असेल, तर सूर्यघर योजनेतले वीज देणारे पॅनल आणि त्यावर छोटी टाकी, हा जोड अधिक शहाणपणाचा. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि पॅनल बाराही महिने कामाचे.

हे झालं पगारदारांच्या ले-आऊटचं. तालुक्याच्या जंगलकाठच्या गावांत उज्ज्वला योजनेचं सिलिंडर २०१६ पासून येत गेलं, तरी आंघोळीचं पाणी अंगणातल्या तीन दगडांवरच तापतं. भाजी-पोळीला गॅस परवडतो. घरभराच्या बादल्यांना महिना सहा किलो कोण जाळणार? म्हणून सरपण सुटत नाही आणि सरपणासाठी जंगलात जाणंही. राजुरा-विरूरच्या जंगलात आठ जणांचे बळी घेणारा आरटी-१ वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद होऊन गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात गेला, पण त्या रानाकाठी मोळ्या बांधणं थांबलेलं नाही. वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्टने चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावांत कमी लाकडावर चालणारे बंब दिले, ते नेमकं हे ओळखून. मधल्या नळीत आग आणि भोवती पाणी असल्याने बरीचशी आच पाण्यालाच लागते. उघड्या चुलीवरच्या गुंडासारखी ती वाऱ्यावर जात नाही. काटक्या, तुरीच्या तुराट्या, पऱ्हाट्या त्याला चालतात. हे जळण शेतातच मिळत असल्याने जंगलातल्या खेपा कमी करता येतात.

मग घरकुलाच्या आराखड्यात बंबाला जागा का नसावी? पंतप्रधान आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर, स्वयंपाकाची जागा, जोडीला शौचालय, गॅस, वीज या सगळ्याची सांगड घातली जाते. गरम पाण्याचा उल्लेख नाही. न्हाणीच्या बाहेर दोन बाय दोनचा ओटा, वर पत्रा आणि धुराला मोकळी वाट, एवढं ग्रामपंचायतीला घरकुलाच्या मोजणीतच बघता येईल. शहरात नगर परिषदेने तेच काम भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी करावं. बाथरूमला बाहेरची हवा मिळाली पाहिजे, हे राज्याच्या बांधकाम नियमावलीत आहेच; नकाशात झरोका दाखवून प्रत्यक्षात काच चिणली आहे का, हे अभियंत्याने आत उभं राहून तपासायचं. आणि गिझर विकणाऱ्याने बिलावर एक ओळ लिहून द्यायची : गॅसचा गिझर भिंतीच्या बाहेर बसवला की आत.