आरोग्यचिंतन : मोतीबिंदू आणि भिंगाचा नंबर

मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवितात, हे मांद्र्यात आता घरोघरी ठाऊक आहे. परंतु ज्यांना लहानपणापासून दूरचे फारच अंधुक दिसते, त्यांनी त्या भिंगाच्या नंबराचा विचार आधीच करावा.

सर्वसाधारण डोळा सुमारे २३.५ मिलिमीटर लांब असतो; यांचा बहुधा २६ हून अधिक. मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारे दोनाने चुकतो. १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरल्ड रिडले यांनी पहिले भिंग बसविले, तेव्हा ते फारच जोरदार निघाले आणि रोग्याला दूरचे दिसेनासे झाले. लांब डोळ्यांत उलट धोका असतो : नेहमीच्या गणिताने भिंग कमजोर ठरते. म्हणून पुष्कळ नेत्रवैद्य उणे दोन-तीन नंबर मुद्दाम राखतात. दूरसाठी पातळ चष्मा लागतो. पण चष्मा काढून सुईत दोरा ओवण्याचे सुख आईला उरते.

तेव्हा वाचकहो, म्हापशास वा बांबोळीस तपासणीला जाल, त्या वेळी आपले रोजचे काम जवळचे की दूरचे, हे डॉक्टरांना अवश्य सांगा. बसविलेले भिंग सहसा बदलीत नाहीत.